मासळीच्या खाद्यात प्रोबायोटिक: वाढ आणि प्रतिकारशक्तीसाठी कितपत उपयोगी? (नागपूर परिसर)

उमरेडरोड

मृग लागला की बोटुकली, म्हणजे तळ्यात सोडायची माशाची पिल्लं, यायच्या आधी पुड्या विकणारे येतात. उमरेड, भिवापूर, कुही या पट्ट्यात शेततळ्यात मासे टाकणारे वाढले, तशा त्यांच्या फेऱ्याही वाढल्या. यंदा ज्याच्या त्याच्या तोंडी प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंची पुडी. खाद्यात मिसळा, मासा लवकर वाढतो, रोग येत नाही, पाणी स्वच्छ राहतं, तळाचा वास जातो. एकाच डब्यावर इतकं सगळं लिहिलेलं असलं की आपण नेमके कशाचे पैसे मोजतोय तेच कळत नाही.

माझ्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ आहेत. खाली प्लास्टिकचं अस्तर, पाणी बोअरचं. खाद्य थोडं गोळीचं, थोडं कोंडा आणि ढेप. मला विचारायचंय ते असं: खाद्यातून दिलेल्या जिवाणूंनी मासा खरोखर वाढतो का, आणि वाढत असेल तर कशामुळे? प्रतिकारशक्ती वाढते म्हणजे माशाच्या अंगात काय बदलतं? पुडी चांगली की नुसती भुकटी, हे घरच्या घरी किंवा नागपुरात कुठे तपासता येईल? आणि आपल्या उन्हाळ्यात ती टिकते तरी का?

ज्यांनी वापरलंय, शिकलंय, बनवलंय त्यांनी सविस्तर लिहा. नुसतं "मस्त आहे, घेऊन टाका" असं नको. या भागातल्या बऱ्याच जणांना हा धागा कामी येईल.

सेमिनरीहिल्स

मी तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकलो, सध्या मत्स्यबीज केंद्रावर काम करतो. वाढ आणि प्रतिकार, दोन्हींबद्दल लिहितो.

खाद्यातून जिवाणू देण्याची कल्पना नवी नाही. जपानमध्ये १९८६ साली कोझासा यांनी यलोटेल या समुद्री माशाला बॅसिलस टोयोई या जिवाणूचे बीजाणू खाद्यातून दिले आणि वाढ सुधारल्याचं नोंदवलं. मत्स्यपालनात प्रोबायोटिकची सुरुवात साधारण तिथून मानतात. त्यानंतर कार्प, तिलापिया, कोळंबी या सगळ्यांवर ढीगभर काम झालं. सगळ्यात जास्त वापर बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि सॅकरोमायसिस म्हणजे आपलं यीस्ट यांचा होतो.

वाढ होते ती पचनामुळे. बॅसिलस आतड्यात प्रोटीएज, अमायलेज अशी अन्न फोडणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. आपण कार्पला बरंचसं वनस्पतीजन्य खाद्य देतो, सोयाबीन पेंड, ढेप, कोंडा. त्यातला जो भाग एरवी विष्ठेतून बाहेर जातो त्यातला थोडा जास्त अंगी लागतो. लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्याने काही अपायकारक जिवाणूंना आतड्यात जम बसवता येत नाही. शिवाय जागेची आणि अन्नाची स्पर्धा असतेच.

प्रतिकाराचं म्हणाल तर माशाच्या हाडांत आपल्यासारखी रक्त तयार करणारी मज्जा नसते. ते काम मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग आणि प्लीहा करतात. आतड्याच्या अस्तरातही संरक्षक पेशी विखुरलेल्या असतात. जिवाणूंच्या भिंतीतले घटक त्या पेशींना भिडले की त्या जाग्या राहतात. प्रयोगांत हे मोजतात ते रक्तातल्या लायसोझाइम या जंतू फोडणाऱ्या विकरावरून, जंतू गिळणाऱ्या पेशी किती तत्पर आहेत त्यावरून, आणि शेवटी एरोमोनास हायड्रोफिला हा रोगजंतू टोचून किती मासे जगले त्यावरून. बऱ्याच प्रयोगांत फरक दिसतो. पण ते प्रयोग टाक्यांत, स्वच्छ पाण्यात, मोजून मापून झालेले असतात. तळ्यात पहाटे ऑक्सिजन लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की माशाचं सगळं बळ श्वास घेण्यात जातं. तिथे आतड्यातले जिवाणू काही करू शकत नाहीत.

आणखी एक, जे पुडी विकणारे कधी सांगत नाहीत. रोहू, कटला, मृगळ यांना जठरच नसतं. अन्ननलिकेतून अन्न थेट आतड्यात. म्हणजे जठरातल्या आम्लात जिवाणू मरतील ही भीती कार्पमध्ये नाही. तिलापिया आणि पंगसला जठर असतं, तिलापियाच्या जठराचा सामू (पीएच) खाल्ल्यानंतर २ च्याही खाली जाऊ शकतो. तेव्हा "आम्लरोधक आवरण" म्हणून जास्त पैसे मागत असतील तर कार्पवाल्याने ते देऊ नयेत.

मामातलाव_कुही

भाऊ, आमची मच्छीमार संस्था आहे, माजी मालगुजारी तलावावर. मी तं साफ सांगतो, एवढ्या मोठ्या पाण्यात पुडीचा काही संबंध नाही. आमच्या तलावात कोणी रोज खाद्य टाकत नाही नं. मासा निसर्गाचं खाऊन वाढते. तिथं पुडी टाकून राहिले काही लोक, पाण्यात शिंपडून! एवढ्या पाण्यात चार किलो पावडर कुठं जाईल? त्याच पैशात बोटुकली मोठी घ्या. बोटभर लांबीचं बीज टाकलं तं मरळ आणि शिवडा या शिकारी माशांच्या तोंडी कमी जाते, मोठं बीज जास्त वाचते. आमच्या संस्थेत सगळ्यात जास्त फरक बीजाच्या आकारानं पडला, दुसऱ्या कशानं नाही.

हे कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, पिढ्यानपिढ्या मासा देऊन राहिले. त्याइले खाद्यापेक्षा गाळ काढायची गरज जास्त आहे. पण तो वेगळा धागा होईल.

हां, जिऱ्यापासून, म्हणजे अगदी बारीक पिल्लांपासून, बोटुकली करतो त्या छोट्या संगोपन तळ्यात वापरून पाहायला हरकत नाही. तिथं खाद्य रोज पडते अन् पाणीही कमी असते.

उमरेडरोड

@मामातलाव_कुही दादा, संगोपन तळ्याचा मुद्दा पटला. माझंही बीज बंगालहून ऑक्सिजनच्या पिशव्यांत येतं. प्रवासातून आलेलं बीज पहिल्या आठवड्यात जास्त मरतं. तिथे उपयोग होईल का?

सेमिनरीहिल्स

होण्याची शक्यता तिथेच जास्त. अगदी लहान माशाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती अजून पक्की झालेली नसते, बाहेरून दिलेल्यांना जागा मिळते. मोठ्या माशात ती वस्ती ठरलेली असते. म्हणून तिथे देणं थांबवलं की काही दिवसांत दिलेल्या जिवाणूंची संख्या घसरते. एकदा दिलं आणि कायमचं झालं असं नाही.

मात्र प्रवासातून आलेल्या बीजाची पहिली गरज वेगळी आहे. पिशवी तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवून दोन्हीचं तापमान सारखं होऊ द्यायचं, मग हळूहळू तळ्याचं पाणी पिशवीत घ्यायचं. हे न करता बीज सोडलं तर नंतरची कोणतीही पुडी त्याला वाचवत नाही.

पेट्रीडिश

नागपुरातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. उमरेडरोड यांनी तपासणीचं विचारलं आहे, ते माझ्या रोजच्या कामातलं.

डब्यावर तीन गोष्टी शोधा. जिवाणूचं पूर्ण नाव आणि जमल्यास स्ट्रेन (उपप्रकार) क्रमांक, एका ग्रॅममध्ये किती सीएफयू म्हणजे वाढू शकणारे जिवाणू, आणि उत्पादनाची तारीख. "बॅसिलस व इतर उपयुक्त जिवाणू" एवढंच असेल तर परत ठेवा. "इतर" या शब्दात काहीही मावतं.

संख्या का महत्त्वाची ते साध्या गणिताने पाहा. प्रयोगांत साधारण एका ग्रॅम खाद्यामागे १० लाख ते १० कोटी सीएफयू असा डोस दिसतो. पुडीत ग्रॅममागे १०० कोटी असतील आणि किलोभर खाद्याला ५ ग्रॅम पुडी लावली, तर एका ग्रॅम खाद्यात ५० लाख येतात. ठीक आहे. पण पुडीत प्रत्यक्षात ग्रॅममागे १० लाखच जिवंत उरले असतील, तर खाद्यात येतात ५ हजार. त्याचा परिणाम होईल अशी अपेक्षाच धरू नये.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. बॅसिलस बीजाणू तयार करतात. बीजाणू म्हणजे जिवाणूचं झोपलेलं, जाड कवचाचं रूप, उष्णता आणि कोरडेपणा दोन्ही सोसणारं. लॅक्टोबॅसिलस बीजाणू करत नाहीत. मे महिन्यात नागपूरचा पारा बऱ्याचदा ४५ च्या आसपास जातो, टिनाच्या छपराखालच्या गोदामात त्याहून जास्त. तिथे महिनाभर पडलेल्या लॅक्टोबॅसिलसच्या पुडीत जिवंत काय उरलं असेल याची मला फार शंका आहे. म्हणून कृषी केंद्रातून घेताना माल कुठे ठेवला होता ते डोळ्यांनी बघा.

आमच्याकडे विद्यार्थी हा प्रयोग करतात, पद्धत सोपी आहे. एक ग्रॅम पुडी निर्जंतुक सलाइनमध्ये घोळायची, दहापट-दहापट विरळ करत जायचं आणि ठरावीक थेंब आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, थाळीवर पसरायचे. दुसऱ्या दिवशी थाळीवर ठिपके उमटतात, प्रत्येक ठिपका म्हणजे एका जिवाणूची वाढलेली वसाहत. ज्या थाळीवर ३० ते ३०० ठिपके आहेत ती मोजायची आणि विरळ केल्याच्या पटीने गुणायचं. बीजाणू आहेत का पाहायचं असेल तर तेच द्रावण आधी ८० अंशांवर १० मिनिटं ठेवायचं. साधे जिवाणू मरतात, बीजाणू वाचतात. डब्यावर बॅसिलसचे बीजाणू लिहिलंय आणि तापवल्यानंतर थाळी कोरी, तर मग विकणाऱ्याला विचारा.

तुमच्या जवळच्या कोणत्याही सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जाऊन विनंती करा. विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी खरे नमुने हवेच असतात.

एवढं मात्र लक्षात घ्या: संख्या बरोबर आली म्हणजे मासा वाढेल असं सिद्ध होत नाही. जिवंत आहेत एवढंच कळतं.

हिंगणा_बायोफ्लॉक

ताई, फार उपयोगाचं लिहिलंत. मी टाक्यांत तिलापिया करतो. माझ्या मते या चर्चेत दोन गोष्टी एकत्र होताहेत, खाद्यातलं प्रोबायोटिक आणि पाण्यातलं. दोन्हींचं काम वेगळं आहे.

बायोफ्लॉकमध्ये आपण गूळ किंवा मळी टाकून पाण्यातच जिवाणू वाढवतो, ते अमोनिया खाऊन गोळे करतात आणि मासा ते गोळे खातो. तिथे हवा चोवीस तास लागते. वीज गेली की तासा-दोन तासांत टाकी संपते, म्हणून जनरेटरशिवाय या धंद्यात पडू नका. खाद्यातल्या जिवाणूंचं काम आतड्यात. एकच डबा दोन्ही करतो म्हणणाऱ्याकडून मी घेत नाही. मला एका विक्रेत्याने "अमोनिया खाणारे नायट्रोसोमोनास आणि आतड्याचे जिवाणू एकत्र" अशी कोरडी पुडी आणून दिली होती. बॅच क्रमांक आणि तारीख विचारली तर नंतर पाठवतो म्हणाला, आजवर पाठवली नाही. नायट्रोसोमोनास बीजाणू करत नाहीत, कोरड्या भुकटीत ते कसे टिकतील याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

कोंडाढेप

आमचा महिला बचत गट मासळीचं खाद्य बनवतो. भंडाऱ्याच्या राईस मिलचा कोंडा, सोयाबीन पेंड, थोडी जवसाची ढेप, सुकट. मिसळायचं कसं ते मी सांगते, कारण चांगली पुडी आणूनही इथेच वाया जाते.

गोळी खाद्य कारखान्यात वाफेवर बनतं, तरंगतं खाद्य तर १०० अंशांच्या पुष्कळ वर जातं. तेव्हा जिवाणू नंतरच लावायचे. आम्ही असं करतो: आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी घ्यायचं. नळाचं ताजं नको, त्यात क्लोरीन असतं आणि तेच जिवाणू मारतं. तांदळाची पातळ पेज करून पूर्ण गार होऊ द्यायची. बोट बुडवून कोमटही लागता कामा नये. त्यात पुडी घोळायची. मोठ्या परातीत खाद्य पसरून पेज थोडी थोडी शिंपडत हाताने खालीवर करायचं. गोळी ओली चमकली पाहिजे पण दाबली तर फुटता कामा नये. मग सावलीत पोत्यावर अर्धा तास. ऊन अजिबात नाही. पेजेचा पापुद्रा गोळीवर बसतो, पाण्यात पडल्यावर पुडी लगेच सुटून जात नाही. तेलाचा हात दिला तरी चालतं, महाग पडतं. लावलेलं खाद्य त्याच दिवशी संपवायचं. आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येतो.

दुसरं, ढेप बघून घ्या. बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या ढेपेत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं, ते माशाच्या यकृतावर जातं. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य असतं, ती आपल्याकडे स्वस्त मिळते म्हणून लोक जास्त घालतात. खराब ढेपेवर महागडं प्रोबायोटिक लावून काही मिळत नाही.

रामटेक_खिंडसी

बाजारातली पुडी कशाला हवी? आमच्याकडे कोंडा, गूळ आणि बेकरीचं यीस्ट एकत्र भिजवून डब्यात झाकून ठेवतात, दोन दिवसांनी आंबलं की माशांना. कोणी आंबट ताकही घालतं. स्वस्तात काम होतं.

पेट्रीडिश

@रामटेक_खिंडसी, याला पाया आहे. आंबवल्याने कोंड्यातला फायटेट हा पचनाच्या आड येणारा घटक थोडा फुटतो, पचन सुधारतं. यीस्टच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन प्रतिकार पेशींना जागं करतं आणि त्यासाठी यीस्ट जिवंत असायलाच हवं असंही नाही. ताकातले लॅक्टोबॅसिलसही उपयोगी प्रकारचेच.

अडचण एकच, दर खेपेला डब्यात काय वाढेल याची खात्री नसते. आंबट, दारूसारखा किंवा फळासारखा वास आला तर ठीक. सडका वास, काळी-हिरवी बुरशी, पृष्ठभागावर रंगीत थर दिसला तर उकिरड्यावर टाका, माशांना नको. भांडं दर वेळी गरम पाण्याने धुवा. आणि हे ओलं खाद्य जास्त घातलं तर तळाशी कुजतं, त्यामुळे थोडं आणि खाद्याच्या ट्रेमधूनच द्या.

पंगस_कामठी

सगळ्यांनी एवढी शंका घेऊन ठेवली आहे, म्हणून लिहितो. मला स्पष्ट फायदा झाला. पंगस आणि रोहू दोन्ही आहेत. प्रोबायोटिक सुरू केलं त्या हंगामात मरतूक कमी, वजन चांगलं, अंगावर लाल चट्टे नाहीत. व्यापाऱ्यानेही माल पाहून चांगला भाव दिला. ज्याने वापरलंच नाही त्याने नाही म्हणू नये.

सेमिनरीहिल्स

@पंगस_कामठी भाऊ, तुमचा फायदा खरा आहे, त्यावर शंका नाही. मागच्या धाग्यात तुम्हीच लिहिलं होतं की त्याच हंगामात एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, बसवला आणि बोटुकलीची संख्याही कमी केली. मग मरतूक कमी झाली ती एरेटरने, कमी गर्दीने की पुडीने? तिन्ही एकदम बदललं की कोणाचं श्रेय किती ते सांगता येत नाही. पुडी दर हंगामाला पैसे मागते, एरेटर विकत घ्यायचा खर्च एकदाच, पुढे फक्त विजेचा. म्हणून वेगळं करून पाहणं गरजेचं आहे.

पंगस_कामठी

बरोबर आहे. एरेटरने सकाळी मासे वर येऊन तोंड काढायचे थांबले हे मीही पाहिलंय. पण पुडी बंद करायची हिंमत होत नाही. तपासायचं तर कसं?

हिशेबनीस_सीताबर्डी

तपासण्याआधी हिशेब करून ठेवू. आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

खाद्य ५० रुपये किलो. एक किलो मासा तयार व्हायला १.६ किलो खाद्य, म्हणजे एफसीआर १.६. किलोभर माशाचा खाद्यखर्च ८० रुपये. पुडी १२०० रुपये किलो, किलो खाद्याला ५ ग्रॅम, म्हणजे ६ रुपये वाढले. खाद्य झालं ५६ रुपये. आता खर्च ८० च्या आत ठेवायचा तर एफसीआर १.४३ पर्यंत खाली यायला हवा. दहा टक्क्यांहून जास्त सुधारणा. तेवढी झाली नाही तर वाढीच्या नावाने दिलेले पैसे परत येत नाहीत.

एकरी दोन टन उत्पादन धरलं तर खाद्य ३,२०० किलो, पुडी १६ किलो, खर्च १९,२०० रुपये.

विकणारे म्हणतात, मरतूक कमी होते ते धरा. धरू. पाच हजार बोटुकली, जगणूक ७० टक्क्यांवरून ८० झाली, ५०० मासे जास्त. प्रत्येकी ७०० ग्रॅम, ३५० किलो. १२० रुपये भावाने ४२,०००. पण त्या माशांनी खाद्यही खाल्लं, ३५० गुणिले ८० म्हणजे २८,०००. उरले १४,०००. पूर्ण हंगाम पुडी दिली तर १९,२०० चा खर्च यातूनही निघत नाही.

तीच पुडी फक्त पहिल्या महिन्यात, लहान बीजाला दिली तर? त्या काळात खाद्य समजा १५० किलो. पुडी ७५० ग्रॅम, ९०० रुपये. बीज मरायचं ते बहुतेक याच काळात मरतं. इथे मात्र जगणूक थोडी जरी सुधारली तरी पैसे वसूल होतात.

उमरेडरोड

हा हिशेब आजवर एकाही विक्रेत्याने मांडून दाखवला नव्हता. म्हणजे पूर्ण हंगामाऐवजी ठरावीक काळ: बीज आल्यावरचा महिना, आणि मासे जाळ्याने हलवले किंवा ऋतू बदलला की काही दिवस. थंडीचं काय? डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे मासा खातच नाही नीट.

सेमिनरीहिल्स

थंडीत पाणी २० अंशांच्या खाली गेलं की कार्पचं खाणं आणि पचन दोन्ही मंदावतं. तेव्हा खाद्यच कमी करायचं, पुडी तर नकोच. थंडीत लोक घाबरून पुडी घेतात ते अंगावर जखमा करणाऱ्या ईयूएस या रोगामुळे. तो बुरशीसदृश अफॅनोमायसिस इन्व्हाडन्समुळे होतो, भारतात १९८८ च्या सुमारास शिरला. त्यावर चुना, भुवनेश्वरच्या सीफा संस्थेने काढलेलं सीफॅक्स हे औषध, आणि थंडीआधी तळं नीट ठेवणं हे उपाय आहेत. अंगावर उवा, म्हणजे अर्ग्युलस असतील तर त्यावरही प्रोबायोटिकचा उपयोग नाही. तो किडा बाहेरून चिकटतो.

पशुवैद्य_धंतोली

एक कळकळीची विनंती. काही जण पुडीबरोबर ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखं प्रतिजैविकही खाद्यात घालतात, "दोन्ही असू द्या" म्हणून. प्रतिजैविक आधी तुम्ही विकत घेतलेले जिवाणूच मारतं, मग उरलेल्या रोगजंतूंना त्याची सवय लावतं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना तर मत्स्यपालनात पूर्ण बंदी आहे. कोलिस्टिनवर २०१९ साली सरकारने खाद्यप्राण्यांसाठी बंदी घातली, कारण ते माणसाचं शेवटच्या फळीतलं औषध आहे. तुमच्या तळ्यातला मासा कोणाच्या तरी ताटात जाणार आहे.

जिवाणूंच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. सेमिनरीहिल्स यांनी उल्लेख केलेला बॅसिलस टोयोई युरोपात जनावरांच्या खाद्यात बरीच वर्षं वापरला जायचा. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं त्याच्यात असल्याच्या कारणावरून २०१३ साली युरोपीय संघाने परवानगी स्थगित केली. म्हणून डब्यावर स्ट्रेन क्रमांक मागायला हवा. त्यावरून नेमका कोणता जिवाणू आहे आणि त्याची तपासणी झाली आहे का हे शोधता येतं.

तळ्यात ब्लीचिंग पावडर, पोटॅशियम परमँगनेट टाकल्यावर लगेच प्रोबायोटिक घालू नका. ती औषधं चांगले-वाईट जिवाणू ओळखत नाहीत. काही दिवस जाऊ द्या.

पेट्रीडिश

पंगस_कामठी यांच्या "तपासायचं तर कसं" याचं उत्तर राहिलं. एकाच तळ्यात हापे लावा. बांबूला बांधलेल्या जाळीच्या पेट्या, सहा. तीनमध्ये साधं खाद्य, तीनमध्ये पुडी लावलेलं. पाणी एकच, ऊन एकच, बीज एकाच पिशवीतलं, संख्या सारखी. फरक उरतो फक्त पुडीचा. साध्या खाद्यालाही तीच पेज लावायची, फक्त पुडीशिवाय. नाहीतर पेजेचा परिणाम पुडीच्या नावावर जातो. दोन्हींकडे खाद्य वजन करून द्यायचं, माशांच्या वजनाच्या टक्केवारीत. दोन महिने चालवा, दर पंधरवड्याला वजन.

एक मर्यादा सांगते. पाण्यात टाकायचं प्रोबायोटिक हाप्यात तपासता येत नाही, ते सगळ्या हाप्यांत पसरणारच. त्यासाठी वेगवेगळी तळी किंवा टाक्या लागतात.

पंगस_कामठी

हे जमेल. माझ्या लहान तळ्यात हापे लावून बाहेरच्या माशांना पुडी चालूच ठेवली तर चालेल का?

पेट्रीडिश

नाही. हाप्याबाहेरचं खाद्य आणि विष्ठा जाळीतून आत येते. ज्या तळ्यात हापे, तिथे प्रयोगाच्या काळात बाहेरच्या माशांना साधंच खाद्य द्या. दुसऱ्या तळ्यात हवं तर चालू ठेवा.

मामातलाव_कुही

हाप्याची जाळी महिनाभरात शेवाळानं बंद होते, हे आमच्याकडे नेहमीचं आहे. मग आत पाणी फिरत नाही अन् मासा दमते. दर आठवड्याले सगळेच हापे ब्रशनं घासा, एक स्वच्छ अन् एक घाण असं नको. अन् वरून पण जाळी बांधा, नाही तं बगळा अन् खंड्या तुमची मोजदाद बिघडवतील.

सेमिनरीहिल्स

वजन सकाळी, खाद्य घालायच्या आधी करा. पोट भरलेलं असलं की आकडा फसवतो. मासे ओल्या कापडात किंवा पाण्याच्या बादलीत तोलायचे, बादलीचं वजन आधी वजा करून. हात कोरडे नकोत, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की रोग तिथूनच शिरतो. प्रत्येक हाप्यातून किमान वीस-पंचवीस मासे. मेलेला दिसला की त्याच दिवशी वहीत नोंद.

उमरेडरोड

मीही हे करतो, पंगस_कामठी भाऊ. तुमच्याकडे मातीचा तळ, माझ्याकडे अस्तर. दोन्हीकडे एकाच बॅचची पुडी वापरली तर तुलना होईल. पुडी घेतली की आधी त्यातली एक ग्रॅम पेट्रीडिश ताईंच्या विभागात मोजायला देतो. ताई, नमुना कशात आणायचा, आणि किती?

पेट्रीडिश

डबा न उघडता आणा, आम्ही इथेच उघडू. आणि थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवून त्यात आणा, बसच्या टपावर नको. सोमवार ते बुधवार आणलात तर थाळी सुट्टीच्या आत वाचता येते.